निषेधाची पिशवी

निष्ठेला मोजमाप नसतं, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. मिल्टनराव ऑस्टरहाउट यांना हे कधीच पटलं नाही. ते जिल्ह्याच्या वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि मोजमाप नसलेली वस्तू विकणाऱ्याला नोटीस देणं हाच त्यांचा व्यवसाय होता. त्यांची स्वतःची निष्ठा व्यवस्थित मोजलेली होती. सव्वीस वर्षं, विभाग अकरा, सातवी रांग, खुर्ची क्रमांक चार. वेलॉकच्या बेसबॉल संघाचा घरच्या मैदानावरचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता, आणि शेवटचा गडी बाद होण्याआधी ते एकदाही घरी निघाले नव्हते. एकदा दाढ काढल्यावर ते तोंडात कापूस घेऊन आले होते. पण ते सांगत बसलो तर सामना राहून जाईल.

संघाचं नाव बगळे. एका पायावर उभा असलेला पांढरा बगळा हे त्यांचं चिन्ह. यंदा त्याचा दुसरा पाय कुठे गेला, असं लोक उघडपणे विचारू लागले होते, कारण बगळे लागोपाठ चौदा सामने हरले होते. हरण्यातही एक प्रकार असतो. लढून हरणारे असतात, नशिबाने हरणारे असतात. बगळे, घरी काहीतरी चुलीवर ठेवून आल्यासारखे हरत होते.

आणि शनिवारी गाठ लोहारांशी होती. लोहार म्हणजे नदीपलीकडच्या फोर्जटनचा संघ. दोन्ही गावांमध्ये पूल एकच आहे, पण पलीकडे लग्न करून गेलेल्या मुलीची चौकशी वेलॉकमध्ये अजून आवाज उतरवूनच केली जाते.

गुरुवारी संध्याकाळी मागच्या अंगणात कोळशावर मक्याची कणसं भाजताना मिल्टनरावांनी जाहीर केलं की शनिवारी ते पिशवी घालणार. संघाने लाज आणली की किराण्याची खाकी कागदी पिशवी डोक्यावर घालायची, डोळ्यांपुरती दोन भोकं पाडायची आणि मैदानात जाऊन बसायचं, ही रीत बापजाद्यांपासूनची. अशा पिशवीला बोलण्यापेक्षा वजन जास्त. मिल्टनरावांचा हिशेब सरळ होता: वरच्या काचेच्या खोलीत संघाचे मालक बसतात, त्यांना अकराव्या विभागात सव्वीस वर्षं येणारा माणूस तोंड झाकून बसलेला दिसला, तर त्यांना काहीतरी वाटेल. बोलण्याच्या भरात त्यांनी हेही सांगून टाकलं की बगळे जिंकेपर्यंत पिशवी डोक्यावरून उतरणार नाही.

त्यांच्या पत्नी लोरेटाबाई बटाट्यांना मेयोनेज लावत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "मग सोमवारी ऑफिसला पण पिशवीतच जाणार का तू?"

या प्रश्नाला उत्तर मिळायच्या आत कुंपणावरून शेजारी ड्वेन पिकेट डोकावला. ड्वेन अग्निशमन दलातून निवृत्त झालेला, आणि निवृत्त माणसाकडे सल्ल्यांचा साठा असतोच. पिशवी कोणत्या दुकानाची चांगली, यावर त्याने वीस मिनिटं घेतली. स्वस्त दुकानाची पिशवी घामाने कानापाशी फाटते. महागाच्या दुकानाची टिकते, पण मग लोक म्हणतात, याला कसली लाज, हा तर तिकडे सामान भरतो. भोकं चौकोनी पाडावीत की गोल, यावर त्याची बायको बाहेर आली आणि दोघांचं तिथेच जुंपलं. शेवटी मिल्टनरावांनी पट्टीने मोजून दीड इंचाची गोल भोकं पाडली, दोन्हींमधलं अंतर डोळ्यांच्या बाहुल्यांपासून घेतलं, आणि पिशवी आतून चिकटपट्टीने पक्की केली. वजनमापे खात्याने कुठेही तपासावी अशी ती पिशवी झाली.

ड्वेनला सांगितलेली गोष्ट वेलॉकमध्ये पाण्याच्या नळाने पोचते. शुक्रवारी सकाळी मिल्टनराव एका पेट्रोल पंपावर पाच गॅलनचं माप धरून उभे असताना फोन वाजला. कोवाल्चिकबाई होत्या.

कोवाल्चिकबाई म्हणजे खुर्ची क्रमांक पाच. वय एकोणऐंशी, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, आणि बोलणंही ब्रेक दाबल्यासारखं. एकोणीस वर्षं दोघं शेजारी बसत होते. दोघांच्या मांडीवर नोंदवही आणि हातात पेन्सिल. प्रत्येक चेंडूची खूण, प्रत्येक बाद, प्रत्येक धाव. गेली तीन वर्षं मात्र बाईंना धावफलक दिसत नव्हता, आणि पुढे पुढे तर तिसऱ्या बेसवरचा माणूसही दिसेनासा झाला होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मिल्टनरावांनी विचारलं नव्हतं. ते फक्त स्वतःशी बोलायला लागले होते. "हां, उजवीकडे उंच गेला, झेल, बाद," असं ते पेन्सिल चालवता चालवता पुटपुटत, आणि शेजारची पेन्सिल अर्ध्या क्षणाने चालत असे. लोरेटाबाईंना वाटे की नवऱ्याचं आता वय झालं.

"पिशवी घालणार आहेस म्हणे," बाई म्हणाल्या.

मिल्टनरावांनी निषेधाची भूमिका समजावून सांगायला सुरुवात केली.

"तोंड झाकायचं असेल तर घरी पांघरुणात झाक. हरणाऱ्यांच्या शेजारी मी जन्मभर बसले आहे. लाजणाऱ्याच्या शेजारी बसणार नाही." आणि फोन बंद झाला. पेट्रोल मापाबाहेर वाहून गेलं, आणि पंपवाल्याने निरीक्षकाकडे पहिल्यांदाच दयेने पाहिलं.

आता मागे फिरणं शक्य होतं का? शहाण्या माणसाला असतं. पण गाव जाणत होतं, ड्वेनने दोन पिशव्या राखीव म्हणून आणून दिल्या होत्या, आणि ऑफिसात कुणीतरी त्यांच्या टेबलावर केशरी गाजरं ठेवून, "पिशवीतला माल" अशी चिठ्ठी लावली होती. मिल्टनरावांनी ठरवलं, बाई चार चेंडूंत विसरतील. बाई कधी काही विसरल्याचा पुरावा त्यांच्याकडे नव्हता, पण आशेला पुरावा लागत नाही.

शनिवारी चार वाजून पाच मिनिटांनी सामना होता. मिल्टनराव तीन वाजताच फाटकावर पोचले. तिथल्या माणसाने पिशवीकडे पाहिलं, नियमांच्या पाटीकडे पाहिलं आणि मान हलवली. मैदानात फक्त पारदर्शक पिशवी चालते. आतलं दिसलं पाहिजे.

आत माझं डोकं असणार आहे, असं मिल्टनरावांनी सांगितलं. ते दिसलं पाहिजे, असं तो म्हणाला.

मिल्टनरावांनी मुद्दा मांडला की डोक्यावर घातलेली वस्तू ही पिशवी नसून टोपी असते. टोपीला पुढे झडप लागते, असं उत्तर आलं. मग तो फलक समजावा. फलक हातात धरायचा असतो. मागे रांग वाढत होती, आणि रांगेतल्या काळ्या टोप्यांचे लोहारवाले मोठ्या प्रेमाने सूचना करत होते. एकाने सुचवलं की याला डबा समजा, आत काही नाही. फाटकावरच्या माणसाने मग त्यांना प्रेक्षक-साहाय्य खिडकीकडे पाठवलं.

खिडकीत डेलाक्रुआबाई होत्या. अतिशय नम्र. नम्र अधिकाऱ्यापुढे माणसाचं काही चालत नाही, हे मिल्टनरावांना नोकरीमुळे ठाऊक होतं. ते स्वतः तसेच होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, एक जाडी नियमावली काढली आणि बोट ठेवून वाचत गेल्या. डोळ्यांना भोकं असतील तर तो मुखवटा. बारा वर्षांवरच्या इसमांना मुखवट्याची बंदी. भोकं नसतील तर ती पिशवी. पिशवी असेल तर पारदर्शक, लांबीरुंदी बारा इंच, जाडी सहा. मिल्टनरावांनी खिशातली टेप काढली. त्यांचं डोकं सात इंच जाड भरलं. डेलाक्रुआबाईंनी तेवढी सूट स्वतःच्या अधिकारात दिली.

पारदर्शक पिशवी मात्र क्लबचीच हवी. ती दुकानाच्या खिडकीत मिळाली. जाड प्लास्टिकची, आणि तिच्यावर मध्यभागी एका पायावर उभा असलेला भला मोठा बगळा छापलेला, खाली अक्षरं: "मी बगळ्यांचा, बगळे माझे." तिसरी खिडकी प्रथमोपचाराची. तिथल्या नर्सने सांगितलं की प्लास्टिक डोक्यावर घालायचं तर नाकातोंडापुढे मोठी खिडकी कापावी लागेल, नाहीतर ती कुणालाही सोडणार नाही. तिने टपालपेटीच्या तोंडाएवढी खिडकी कापली. वर डोळ्यांनाही कापा, असं मिल्टनरावांनी सुचवलं, तेव्हा डेलाक्रुआबाई हळूच म्हणाल्या, "मग तो मुखवटा होईल, साहेब."

शेवटी अर्ज. मी ही पिशवी स्वखुशीने, कुणाच्याही दबावाशिवाय डोक्यावर घालत आहे. दोन प्रती. सही करून झाल्यावर मिल्टनरावांनी सहज विचारलं की काचेच्या खोलीतून अकरावा विभाग नीट दिसतो ना, मालकांना दिसायला हवं.

"मालक मे महिन्यापासून आलेच नाहीत," डेलाक्रुआबाई म्हणाल्या. "खोली आज एका दातांच्या डॉक्टरांनी घेतली आहे. मुलीचा वाढदिवस."

चार वाजायला सहा मिनिटं होती. सव्वीस वर्षं एका पारड्यात आणि वाढदिवस दुसऱ्या पारड्यात. मिल्टनरावांनी पिशवी डोक्यावर चढवली आणि जिना चढायला लागले.

पिशवी तोंड लपवायची असते. ही तर तोंड दाखवण्याच्या काचपेटीसारखी होती. बगळा नेमका नाकावर उभा राहिला आणि ब्रीदवाक्य हनुवटीखाली आलं. अकराव्या विभागातल्या एका ओळखीच्या बाईने त्यांना पाहून अंगठा वर केला आणि म्हटलं, "इतके दिवस हरूनसुद्धा किती अभिमान आहे तुम्हाला. असेच लोक पाहिजेत." मिल्टनरावांनी खुलासा सुरू केला आणि अर्ध्यात सोडला. पिशवीतून बोललेलं स्वतःलाच जास्त ऐकू येतं.

कोवाल्चिकबाई आल्या होत्या. पण खुर्ची क्रमांक पाचवर नव्हत्या. त्या आठवर बसल्या होत्या, आणि मधल्या तीन खुर्च्यांवर त्यांनी आपली गादी, पर्स आणि शेंगांची पुडी अशी रांगेत ठेवली होती. त्यांनी मान वळवली नाही. जागांची टंचाई नव्हती असंही नाही. वेलॉकवाल्यांनी तिकिटं घेणं सोडलं होतं म्हणून फोर्जटनवाल्यांनी घेतली होती. मैदानभर दर तीन खुर्च्यांपैकी दोनांवर काळ्या टोप्या होत्या. मिल्टनरावांच्या पाठीमागेच असा एक गडी बसला होता, ज्याच्या हातात फोमची हातोडी होती आणि जो लोहारांच्या प्रत्येक चेंडूला ती खुर्चीच्या पाठीवर आपटत होता. पाठ मिल्टनरावांच्या खुर्चीची होती.

सामना सुरू झाला. पहिल्या डावात मिल्टनरावांनी सवयीने पुटपुटायला सुरुवात केली आणि त्यांच्या लक्षात आलं की तीन खुर्च्यांपलीकडे पुटपुटणं पोचत नाही. बाईंची पेन्सिल कागदावर टेकून थांबलेली होती. बाई समोर, जिथे त्यांना हिरव्या धुक्यापलीकडे काही दिसत नव्हतं, तिथे ताठ मानेने बघत होत्या.

मग मिल्टनराव मोठ्याने पुटपुटू लागले. "उजवीकडे जमिनीवरून, दुसऱ्या बेसवाल्याने उचलला, पहिल्याकडे, बाद." पेन्सिल हलली. पुढच्या रांगेतल्या जोडप्याने मागे पाहिलं. हातोडीवाला पुढे वाकून म्हणाला, "राव, आम्हालाही दिसतंय."

असे सहा डाव गेले. बगळे, विशेष म्हणजे, फार वाईट खेळले नाहीत. लोहार चार, बगळे तीन. मिल्टनरावांचा घसा बसला होता, पण बाईंची वही भरत होती, आणि त्यांना वाटायला लागलं होतं की आजचा दिवस निघून जाईल. बाईंनी मधे एकदा शेंगांची पुडी उचलून मांडीवर घेतली. म्हणजे आता दोनच खुर्च्या भरलेल्या होत्या.

घात गाण्याने केला. सातव्या डावाच्या मध्यावर सगळ्यांनी उठायचं, आळोखेपिळोखे द्यायचे आणि मैदानाचं गाणं म्हणायचं. हे मिल्टनरावांनी सव्वीस वर्षं केलं होतं, आणि निषेध असला तरी गाणं हे गाणं. ते पोटातून गायले. जुलैची दमट हवा, सहा डावांचं ओरडणं आणि वर ते गाणं. शेवटच्या ओळीपर्यंत पिशवी आतून दुधासारखी झाली.

त्यांनी बोट आत घालून पुसायचा प्रयत्न केला. बोट खिडकीतून नाकापर्यंत जात होतं, डोळ्यांपर्यंत नाही. पिशवी काढून पुसता आली असती. पण जिंकेपर्यंत काढणार नाही, हे ड्वेनच्या कुंपणापाशी जाहीर झालं होतं. मिल्टनराव खाली बसले. त्यांना प्रकाश दिसत होता आणि नाकावर एक बगळा, मागच्या बाजूने.

सातवा डाव कसाबसा शांततेत गेला. बगळे फलंदाजी करत असतानाची शांतता त्यांना पाठ होती, तेवढी नोंद त्यांनी बिनचूक सांगितली: बाद, बाद, बाद. बेसबॉलमध्ये तिघे बाद झाले की डाव संपतो. आठव्यात लोहार फलंदाजीला आले आणि मिल्टनराव गप्प झाले.

थोड्या वेळाने शेजारी कापडाची सळसळ झाली. गादी उचलली गेली. मग पर्स. खुर्ची क्रमांक पाच करकरली.

"तिकडे ऊन लागत होतं," कोवाल्चिकबाई म्हणाल्या.

संध्याकाळचं ऊन नदीच्या बाजूने येतं आणि त्या खुर्चीवर कधीच पडत नाही. मिल्टनरावांनी ते बोलून दाखवलं नाही. बाई पेन्सिल घेऊन वाट पाहत होत्या. मला दिसत नाही, एवढे तीन शब्द म्हणायचे होते. पण ज्या बाईने तेच तीन शब्द तीन वर्षं म्हटले नव्हते, तिच्यापुढे ते म्हणणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं.

तेवढ्यात आरोळी उठली. मिल्टनरावांनी विचार केला: मैदान आपलं, तेव्हा आरोळी आपली, तेव्हा गडी त्यांचा गेला. "बाद," ते म्हणाले. पेन्सिल चालली. आरोळीला टोपी नसते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. दुसरी आरोळी. "बाद." तिसरी. "बाद. चला, संपला डाव."

चौथी आरोळी उठली.

"हा चौथा बाद कसा?" बाईंनी शांतपणे विचारलं.

चाळीस हजार तराजू तपासलेल्या माणसाच्या कपाळावरून घामाचा एक थेंब बगळ्याच्या पाठीमागून खाली गेला. "पंचांनी मघाचा एक परत घेतला," ते म्हणाले.

पाचव्या आरोळीला त्यांनी पंचांचं आणखी एक मत बदललं. बाईंनी तेही लिहून घेतलं. पाठीमागची हातोडी या सबंध वेळात गप्प होती. तो गडी बिअर आणायला गेला होता आणि रांगेत अडकला होता. तो असता तर हे टळलं असतं, पण असल्या वेळी शत्रूसुद्धा जागेवर नसतो.

नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात बगळ्यांची फलंदाजी. मिल्टनरावांच्या हिशेबाने लोहार चार, बगळे तीन. त्यांनी कान दिले. बॅटचा एक बारीक आवाज, थोड्या टाळ्या: एक माणूस बेसवर. पुन्हा तसंच: दोन. मधे दोन बाद. आता चेंडू भिंतीपलीकडे गेला, तर तीन धावा आणि सामना आपला. आणि मग तो आवाज आला. लाकूड आणि चेंडू मनापासून भेटल्याचा, जो ऐकला की वेलॉकमध्ये जेवतं माणूस ताटावरून उठतं. क्षणभर सगळं मैदान श्वास धरून होतं, आणि मग अशी आरोळी फुटली की खुर्च्यांच्या बोल्टांना हिसका बसला.

मिल्टनरावांनी पिशवी उपटली. उपटताना बगळ्याचा पाय फाटला. "जिंकलो," ते एवढंच म्हणत राहिले, "जिंकलो, जिंकलो," आणि उजेडाने डोळे मिटलेले असतानाच मागे वळून, हात पसरून जो कुणी होता त्याला त्यांनी मिठी मारली. तोही उड्या मारत होता. त्यानेही घट्ट मिठी मारली. दोघं बराच वेळ नाचले. त्यांच्यामध्ये हातोडी चेंगरली.

"तुम्ही पण आमचेच का?" तो गदगदून म्हणाला. "मग आधी सांगायचं ना, राव."

मिल्टनरावांनी डोळे उघडले. भिंतीपाशी लोहारांचा खेळाडू हातात चेंडू उंच धरून उभा होता; भिंतीवर चढून त्याने झेल घेतला होता. त्याच्या मागे धावफलक. लोहार नऊ, बगळे तीन. आणि त्याच्याही वर, मोठ्या पडद्यावर, फाटकी पिशवी हातात घेऊन एका लोहारवाल्याच्या गळ्यात पडलेला, ओल्या केसांचा, आनंदाने वेडा झालेला एक माणूस. मैदानभर हशा पसरला. पडद्यावरच्या माणसाने पडद्याकडे पाहिलं आणि हळूहळू हात खाली घेतले.

ते बसले. बसण्याशिवाय काही उरलं नव्हतं. सव्वीस वर्षांत निषेध करायला ते पहिल्यांदा उठले होते आणि निषेध असा झाला होता की मालक असते तर त्यांनी पोलिसांनाच बोलावलं असतं.

"मिल्टन," कोवाल्चिकबाई म्हणाल्या, "काय झालं?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं.

"झेल. भिंतीपाशी," मिल्टनराव म्हणाले. "हरलो. नऊ–तीन."

"आणि आठवा डाव?"

"आठवा मी ऐकून सांगितला. पिशवीतून काही दिसत नव्हतं."

"मीही ऐकतच होते," बाई म्हणाल्या. "तीन वर्षं ऐकतेच आहे. लोहारवाले कसे ओरडतात ते मला कळत नाही होय? पाच बाद मी लिहिलेत कारण पुढे किती जातोस ते बघायचं होतं."

मिल्टनरावांनी पिशवीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"कुणाला सांगू नकोस," बाई म्हणाल्या. त्यांचं बोट डोळ्यांकडे गेलं आणि उगाच केसांकडे वळलं.

"नाही सांगणार."

"आणि खोडरबर दे. माझा झिजला."

आठवा डाव नव्याने लिहायला माहिती हवी होती. ती मागून मिळाली. कुणीतरी एवढ्या अगत्याने लोहारांच्या पाच धावा विचारतंय, याचाच हातोडीवाल्याला गहिवर आला. बिअरच्या रांगेतल्या पडद्यावर त्याने सगळं पाहिलं होतं. तो दोघांच्या खुर्च्यांमध्ये वाकून, एकेक फटका, एकेक धाव, कोण कुठून कुठे पळालं, बगळ्यांनी चेंडू कुठे कुठे सोडला, हे सगळं चवीने सांगत गेला. मधेच तो शेंगाही खाऊ लागला. मिल्टनराव लिहीत होते, आणि शेजारची पेन्सिल अर्ध्या क्षणाने चालत होती.

आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. डेलाक्रुआबाई जिना चढून आल्या. त्यांच्या हातात अर्जाची दुसरी प्रत होती. पिशवी स्वखुशीने काढली, अशी सही राहिली होती. मिल्टनरावांनी सही केली. तारीख घातली. वेळ विचारून घातली.

बाईंनी वही मिटली, गादी बगलेत घेतली आणि उठताना विचारलं की उद्याचा सामना किती वाजता आहे.

उद्याचा सामना दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी होता.